न दुखणारा डाग

बयाबाईंच्या कमरेवरची ती काळी खपली दुपारपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुखत नाही, खाजत नाही, असं त्या म्हणाल्या. तेच वाईट आहे. दुखली असती तर मी आता झोपले असते.

बयाबाई हिर्डोशीच्या वरच्या धनगरवस्तीवर राहतात. साठी कधीच उलटली. घरात एकट्याच, सोबतीला शेळ्या आणि एक भाकड म्हैस. म्हैस विकत नाहीत, कारण ती हैबतींनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, जायच्या आधी आणलेली. माझी शेफाली रानातल्या उंदरांवरच्या कीटकांचा अभ्यास करते. गोचिडाच्याच गोतातले, पण सुईच्या टोकाएवढे. त्या कामासाठी ती बयाबाईंच्या घरी राहायची. पोरगी डोंगरात, फोनला रेंज नाही आणि मी इकडे भोरमध्ये देव पाण्यात ठेवून बसलेली. शेवटी न राहवून एकदा वर गेले, तर बयाबाई अंगणात दाण्याचा कूट आणि गूळ एकत्र करून बारीक गोळ्या वळत होत्या.

"लाडू कुणासाठी?" मी विचारलं.

"उंदरास्नी. तुमची लेक त्यांचं डोहाळजेवण करतीया. पकडायचं, कानात बघायचं, आन परत सोडून द्यायचं. आमच्या मालकानं मला येवढं कंदी जपलं न्हाई."

"पण ती स्वतः जेवते ना वेळेवर?"

"ताई, तुमी येवढं भेता, मग हिला जल्म तरी कसा दिला वो?"

तेव्हापासून त्या बाजाराला खाली आल्या की आमच्याकडे टेकतात. त्यांच्या पोटावर जुने डाग आहेत. लहानपणी कावीळ झाली, पोट फुगलं की तापलेल्या सळईनं डागायचे. "ह्ये माझं केसपेपर," असं म्हणून त्या हसतात.

आज आल्या तेव्हा अंग भाजत होतं, डोळे लाल. चार-पाच दिवस ताप आहे म्हणाल्या. गवत कापून अंग मोडलंय, एवढंच त्यांचं निदान. पाठीला बाम चोळायला मी लुगड्याची गाठ सैल केली, तर खाली ती खपली. विडीचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कड.

"बयाबाई, या वयात पुन्हा डागून घेतलंत?"

"घ्या! तुमी बी तेच. सकाळी दवाखान्यात गेल्ते, त्यो डाक्टर बी तेच म्हनला. म्हातारे, तुमी लोक सुधारनार न्हाई. हात लावायच्या आदी शाळा घेतली माझी. म्या उठले आन आले."

"मग हे काय आहे?"

"काय की. दुखत न्हाई, खाजत न्हाई. आन आता डागनारी म्हातारी तरी कुठं जित्ती हाय?"

तापाची गोळी आणि चहा घेऊन त्या उठल्या. दारात माझा हात धरला. "सिद्धूला कळवू नका. माझी आन हाय तुमाला."

सिद्धनाथ त्यांचा मुलगा. इथे भोरजवळ उत्रोलीला राहतो, टेम्पो चालवतो. गेल्या उन्हाळ्यात त्या पडल्या, हात मोडला, तेव्हा त्यानं बजावलं होतं: पुन्हा आजारी पडलीस तर शेळ्या विकणार आणि तुला खाली आणणार. तो वाईट नाही, घाबरलेला आहे. पण हात बरा होईपर्यंत त्याच्या दोन खोल्यांत राहून बयाबाई पळाल्या होत्या. मला म्हणाल्या, "दिसभर करायचं काय तितं? भिंती चारायला न्यायच्या?"

बयाबाईंची एस.टी. गेल्यावर कपबशी विसळताना मला आठवलं. असली खपली शेफालीनं लॅपटॉपवर दाखवली होती. मी बी.ए. मराठी, मला त्यातलं काय कळतं? तरी तिला हॉस्टेलवर फोन लावला.

"खपली नेमकी कुठे आहे? लुगडं घट्ट बसतं तिथेच? दुखत नाही? आणि ताप?" ती विचारत गेली.

मग म्हणाली, या महिन्यातच तपासणीचा निकाल आलाय. बयाबाईंच्या गोठ्यामागे पडीक वाफे आहेत, तिथल्या उंदरांवरच्या कीटकांत स्क्रब टायफसचे जंतू सापडले. कीटक गवतातून अंगावर चढतो, कपडा घट्ट असेल तिथे चावतो, नंतर अशी खपली धरते. "फोनवरून नक्की सांगता येणार नाही, आई. पण तेच असेल तर वेळेत साध्या गोळ्यांनी बरं होतं. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं. डॉक्टरांना खपली दाखव आणि स्पष्ट सांग, हा डाग दिलेला नाही."

"पण सिद्धनाथ शेळ्या विकेल."

"शेळ्या मी बघते. उद्या संध्याकाळपर्यंत वस्तीवर पोचते."

"अजिबात नाही," म्हणून मी फोनच ठेवला.

त्याच वाफ्यांत, त्याच गवतात माझी पोरगी? अंगभर कपडे घालते, औषध लावते, सगळं मला माहीत आहे. तरी जीव थाऱ्यावर नाही. किती वेळ घरात नुसती फिरते आहे. लिहायला बसले, तरी दर दोन ओळींनी उठते. बयाबाईंकडे मोबाईल नाही. सकाळच्या एस.टी.नं मी गेले तरी पुढे तासभर चढ, आणि तापानं फणफणलेल्या बाईला खाली आणणार कशी? सिद्धनाथचा टेम्पो वस्तीखालच्या वळणापर्यंत जातो. त्याला कळवलं तर बयाबाईंचा डोंगर सुटेल. नाही कळवलं तर बयाबाईच जातील. दोन्ही टाळायचं असेल तर शेळ्या राखायला शेफालीला वर पाठवायला हवं. माझी शेफाली जेव्हा वर होती तेव्हा बयाबाईंनी तिला रोज भाकरी करून घातली, हे मला विसरता येत नाही.

शेफालीला आत्ताच निरोप धाडला: जा, पण पायमोजे घाल.

आता सिद्धनाथला फोन लावते. आन मोडतेच आहे. 'पहाटे टेम्पो काढ' हे नंतर सांगेन. आधी सांगायचं आहे की शेळ्यांची सोय झाली आहे, त्या विकायच्या नाहीत.