कुलूपबंद खोलीचं इंटरनेट

कॉलेजचं इंटरनेट मी मानाप्रमाणे वाटलं.

धुळ्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. एकदा ऑफिसचा प्रिंटर चालू करून दिल्याच्या गुन्ह्याबद्दल नेटवर्कही माझ्याच गळ्यात आहे. भिंतीवरच्या पेटीत जो राउटर बसवलाय त्यात एक सोय असते. आलेल्या नेटचे वाटे पाडायचे, कुणाला किती आणि कुणाला आधी ते ठरवायचं. एकजण सिनेमा उतरवत बसला म्हणून बाकीच्यांची कामं अडू नयेत, एवढ्याचसाठी ती असते. शहाण्या माणसाच्या हातात चांगलीच म्हणायची.

तर आमचे ऑफिस अधीक्षक एकदा म्हणाले, "सर, साहेबांच्या केबिनला जेवढं नेट तेवढंच लॅबमधल्या पोरांना? काही रीत?"

झालं. त्या दुपारी मी लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी उतरती यादी केली. शंभरातले चाळीस संचालक मंडळाच्या खोलीला, तीस प्राचार्यसाहेबांच्या केबिनला, पंचवीस ऑफिसला. उरलेले पाच लॅबला. एखाद्याचा वाटा रिकामा पडून असेल तर तो दुसऱ्याला वापरू द्यायचा का, असं यंत्र स्वतःहून विचारतं. मी 'नाही' केलं. संचालकांच्या वाट्याचं नेट पोरांनी उष्टं करावं हे मला बरं दिसेना! आज लिहिताना किळस येते, तेव्हा छाती फुगली होती.

दोनच दिवसांनी प्रवेशाची जागा पक्की करायची शेवटची तारीख आली. अर्जाचं केंद्र आमच्याच लॅबमध्ये, आणि केंद्राचं लॉगिन कॉलेजच्याच नेटवर चालायचं. पिंपळनेरकडून सकाळच्या एस.टी.ने एक मुलगी आणि तिची आई आली होती. मुलीला नर्सिंगची जागा लागली होती. पाचच्या आत दाखले चढवून जागा पक्की केली नाही, तर ती पुढच्या नंबरला जाणार होती.

दाखले निम्मे चढत आणि गाडी थांबे. मी म्हणे, "परत दाब." परत दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग वाढत होती. मी आधी सरकारी साइटला शिव्या दिल्या. मग हायवेवरच्या खोदकामाला. मग सगळ्यांच्या देखत इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोन लावून असा काही झापला, की दोन पालकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तो बिचारा म्हणाला, "सर, इथून पूर्ण येतंय. तुमच्या आत कुठे अडलंय का बघा."

तेव्हा चार वाजले होते. मी राउटरचं पान उघडलं. मायलेकी माझ्या खुर्चीमागेच उभ्या. वाट्यांना नावं मीच दिली होती, मुलगी ती मोठ्याने वाचू लागली. "संचालक, साहेब, ऑफिस, मुलं."

"हाऊ संचालक कोन शे?" आईने विचारलं.

"मंडळाची खोली आहे, अक्का."

"कोन बठेल शे तठे?"

"आज कोणी नाही. कुलूप आहे."

"मंग कुलूपले नेट कसाले?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

एका खुणेचं काम होतं. 'नाही'चं 'हो' करायचं, संपलं. आणि मी काय केलं? परवानगी काढायला गेलो. माझ्याच मूर्खपणाला हात लावायची परवानगी!

साहेब जळगावला साखरपुड्याला गेले होते. त्यांच्या केबिनमध्ये ए.सी. लावून अधीक्षक बसले होते, तोंडात गुटखा, समोर साहेबांचा कॉम्प्युटर. पडद्यावर एक उघडाबंब माणूस परातभर मिसळ दोन्ही हातांनी चापत होता, रस्सा कोपरांवरून गळत होता. चित्र इतकं स्वच्छ, की त्याच्या दाढीतली शेव मोजता आली असती. माझ्या हातचे तीस वाटे तिथे असे खर्ची पडत होते.

"सर, बघा तर, कसा खातोय हा!" अधीक्षक हसले आणि कीबोर्डवर लाल तुषार उडाले.

मीही हसलो. सवयीने. वर "भारीच आहे" असंही म्हणालो. मग अर्जांचं सांगितलं.

"साहेबांना विचारल्याशिवाय कशाला हात लावता? फोन करा ना त्यांना."

मी फोन केला. उचलला नाही. परत केला. मागे बँड वाजत असणार, हे मी स्वतःलाच समजावलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले, चार पंचवीस झाले, आणि मी हातात फोन धरून त्या मिसळवाल्याचा दुसरा व्हिडिओ पाहत उभा. या वेळी तो जिलेब्या खात होता. इतका वेळ आपण ओठ ताणून हसत उभे आहोत, हे कपाटाच्या काचेत दिसलं.

फोन खिशात टाकून लॅबमध्ये आलो. 'नाही'चं 'हो' केलं, आणि लॅबचं नाव यादीत सगळ्यात वर नेलं. पहिला दाखला एका दमात चढला. मग दुसरा, तिसरा. पाचला दहा कमी असताना पावती छापून निघाली. मुलीने ती दोन्ही हातांनी धरली, दोनदा वाचली, मग आईला दिली.

केबिनकडून अधीक्षकांचा आवाज आला, "सर, नेट गेलं का हो?"

मी ते कानाआड केलं. खुर्चीत रेलून, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "घ्या अक्का, करून दिलं बरं का मी तुमचं काम."

त्या माउलीने पावतीची नीट घडी केली, पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, ह्या वाटा पाड्यात त्या दिन तुम्ही घर ऱ्हातात ना, तं पोरनं काम सकायमाच व्हयी जातं."