अंगठ्याची जागा

कुणी जुना कॅमेरा आणला की काका आधी काच बघायचे नाहीत. बाहेरच्या काळ्या रबरावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "जीव हाय अजून."

नवी पेठेमागच्या बोळात त्यांचं दुरुस्तीचं टेबल होतं. शेजारच्या दुकानात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. वळसंगच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी न विचारता सांगते, काकांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची "बी.ए.बाई".

आईबाप दुसऱ्याच्या रानात राबायचे. घरात तेलाची बाटली एकच. आईच्या टाचा भेगाळल्या, लाव तेल. बापाची चप्पल वाळली, लाव तेल. आमटीत मात्र वासापुरतं. वाळलेल्या वस्तूला तेल लावणं हीच आमच्याकडची माया. हे आधीच सांगते, कारण पुढं मी जे केलं ते यातूनच केलं.

फिल्मचे कॅमेरे आता कोण वापरतं? येणारा शोकेससाठी आणायचा. "काका, हे रबर काढून नवं चकाचक लावा की." काका ऐकायचे नाहीत. सुटलेला कोपरा बांबूच्या पातळ पट्टीनं उचलायचे, जुना डिंक खरवडायचे, पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन काडीनं लावायचे आणि बोटानं दाबून बसायचे. अर्धा अर्धा तास. तेवढा वेळ माझ्याशी गप्पा, त्यांना बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

खणातला एक कॅमेरा काकूंचा होता. लग्नघरात बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर चालायचा नाही, तिथं काकू जायच्या. मागच्या बाजूला उजवीकडे रबराची खरखर त्यांच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाली होती. काकूंना जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

"काकूंचा फोटो दाखवा की," मी एकदा म्हणाले.

"मी दुरुस्त करायचो, ती काढायची. तिचा कोण काढणार?" त्यांनी ती गुळगुळीत जागा दाखवली. "हे एवढंच हाय."

एका उन्हाळ्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. किल्ली माझ्याकडं. "तिचा कॅमेरा रोज कोरड्या फडक्यानं पूस. बास, दुसरं काय करू नको."

दुसऱ्या दिवशी खण उघडून बघते तर काकूंच्या कॅमेऱ्याचं रबर पांढुरकं पडलेलं. मला वाटलं, कोरडं पडलंय बिचारं. खोबरेल तेल घेतलं आणि मनापासून चोळलं. काळं कुळकुळीत झालं. मी खूश! तीन दिवसांत ते फुगलं, चिकट झालं, कडा वर आल्या.

काका काळा चष्मा लावून आले. अंगठा फिरवला तर तो रबराला चिकटला.

"तेल?"

"व्हय काका."

त्यांनी अंगठा सोडवून घेतला. मग म्हणाले, "अगं बी.ए.बाई, याची काय वेणी घालायची होती का?"

हसले. पण कॅमेरा काही हातातून खाली ठेवला नाही.

त्यांना जवळचं अजून दिसत नव्हतं. ते सांगायचे, मी करायची. टीपकागद ठेवायचा, वर पावडर भुरभुरायची, सकाळी झटकून पुन्हा नवा कागद. "दाबू नको. नुसतं ठेव. त्याचं ते तेल सोडंल." पंधरा-वीस दिवसांनी रबर आकसलं, मग मीच सोल्यूशन लावून कडा बसवल्या. काकांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. खालचा कोपरा खराब झाला होता. वर त्या गुळगुळीत जागेवर येऊन अंगठा थांबला.

"हाय," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी काका गेले. त्या टेबलाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. जाण्याआधी कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला होता, कुणाला दाखव वगैरे काही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात रबर पांढुरकं पडतं. मी कोरड्या फडक्यानं पुसते. कॅमेरा धरला की माझा अंगठा आपोआप काकूंच्या त्या जागी जातो, तो मी जरा बाजूला सरकवते.

तीन उन्हाळे झाले. रबर सुटलेलं नाही.