जोडातला फुगवटा

यंत्राच्या त्या हाताला वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी ‘जावईबापू’ हे नाव पडलं. पडणारच! नवीकोरी बैठक, पुसायला वेगळं फडकं, आणि शेजारी कुणी आदळआपट करायची नाही असा सुपरवायझरचा दम. वेल्डिंग मात्र त्याला ओ की ठो येत नव्हतं. ते शिकवायचं काम आलं ताईकडे.

ताई म्हणजे लोखंडी टाक्या बनवायच्या खात्यातली सगळ्यात जुनी वेल्डर. पत्र्याला पत्रा असा जोडायची की जोडावरून बोट फिरवलं तरी अडखळू नये. पण गेलं वर्षभर उजव्या खांद्याने तिला छळलं होतं. हात वर गेला की मधेच अडकायचा. हे फक्त सासूला माहीत होतं, कारण रोज शेक द्यायची तीच. वर्कशॉपमध्ये ताई मूग गिळून गप्प होती. खांद्याचं कळलं की आपल्याला उचलून स्टोअरमध्ये बसवतील, ही तिची धास्ती. आणि वेल्डिंगवाचून तिला करमलंच नसतं.

शिकवायची रीत तिला भारी गमतीची वाटली. आग बंद ठेवायची, यंत्राचा हात धरायचा आणि उभ्या जोडावरून खालून वर न्यायचा, लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तसा. यंत्र वाट आणि वेग दोन्ही लक्षात ठेवतं.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच. पुढे तो आणि त्याचं नशीब," सुपरवायझर म्हणाला.

पहिला जोड झाला. खाली सुरेख, शेंड्याला सुरेख, आणि मधे एका जागी टपोरा फुगवटा. दुसऱ्या टाकीवरही तिथेच. तिसरीवरही.

"हा मुळातच बिघडलेला दिसतोय. परत पाठवतो," सुपरवायझर वैतागला.

ताई मात्र टाकीसमोरून हलेना. दर वेळी तिथेच का? तिने जोडावरून रिकामा हात वर नेऊन पाहिला. खांदा अडकला तो नेमका फुगवट्यापाशी. चालू आगीत ती अशा वेळी वेल्डिंगची टॉर्च किंचित मागे घ्यायची, तशी सवयच झाली होती. आज आग नव्हती, म्हणून नुसतीच थांबली. आणि या शहाण्याने ते थांबणंही इमानाने उचललं होतं; पेटत्या आगीत तिथे थांबला की धातू साचून फुगायचा.

गप्प बसणं सोपं होतं. यंत्र परत गेलं असतं, खांदा झाकलेला राहिला असता. पण खोट आपली आणि बोल त्याला, हे तिच्या पचनी पडेना. शिवाय मनाला एक चाळा लागला होता: ते थांबणं काढलं, तर हा चालेल कसा?

"साहेब, तो बिघडलेला नाही. तिथे माझा खांदा अडकतो. वर्ष झालं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर स्टोअरमध्ये असते."

"असता खऱ्या," सुपरवायझरने कबूल केलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "टाकी आडवी घेऊ. बसून शिकवा."

ताई स्टुलावर बसली. यंत्राचा हात कमरेच्या उंचीवरून एका दमात शेवटापर्यंत गेला. मग आग पेटली. काळ्या काचेआडून ती पाहत राहिली. चाल तिचीच होती, कडेला घेतलेला हलका झोलसुद्धा तिचाच.

जोड निवल्यावर सुपरवायझरने त्यावरून बोट फिरवलं. "बाकीच्या टाक्याही तुम्हीच शिकवायच्या. स्टोअरला दुसरं कुणी बघतो."

ताईने काच वर केली नाही. ती रडत होती.

"दुखतंय का?"

"नाही हो," ती म्हणाली. "वर्षभरात पहिल्यांदा माझा हात न दुखता चालताना पाहिला."