वेध पाळणारा इंजिनिअर

माझा मोठा भाऊ जन्मभर मोजमापाची उपकरणं तपासत आला. भोपाळच्या त्या अवाढव्य कारखान्यात टर्बाइनचे भाग बनायचे, आणि ते ज्या गेजने मोजायचे ती गेज तरी बरोबर मोजते का, हे ठरवणं दादाचं काम. तपासणीची तारीख उलटलेलं उपकरण दिसलं की तो ते जप्त करायचा, मग समोर जनरल मॅनेजर का उभा असेना. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. बिट्टन मार्केटच्या बाजारात काट्यावरचा सरकारी शिक्का बघितल्याशिवाय तो टोमॅटो पिशवीत पडू देत नाही. भाजीवाले आता त्याला ओळखतात. "आ गए साहब," म्हणतात आणि न सांगता काटा त्याच्याकडे फिरवतात.

हाच माणूस महाराजांपुढे बसला की त्याचं डोकं कुठे जातं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. टोमॅटोला शिक्का लागतो, महाराजांना लागत नाही.

महाराज आमच्या विदर्भाकडचेच. बोलणं गोड, धोतर परीटघडीचं, हातात सतत फोन. ते ऊर्जेवर बोलतात, कंपनांवर बोलतात आणि क्वांटम हा शब्द जितक्या सहजपणे उच्चारतात तितक्या सहजपणे मला तो कधीच उच्चारता आला नाही. मी, दादाची धाकटी बहीण, कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत फिजिक्स शिकवलं, त्यामुळे मला तो शब्द थोडाफार कळतो, आणि तीच अडचण आहे. त्यांच्यासमोर सतरंजीवर बसणारे मात्र सगळे शिकलेले. निम्मे इंजिनिअर, उरलेले इंजिनिअरांच्या बायका. "आता विज्ञानही हेच सांगतं," असं महाराज म्हणाले की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. कुठलं विज्ञान, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, असं एकानेही विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. कारखान्यात एका नटबोल्टसाठी तीन प्रश्न विचारणारी ही माणसं.

आमची आई ग्रहण पाळायची. का पाळायचं, असं विचारलं तर "पाळायचं म्हणून पाळायचं," म्हणायची आणि विषय संपायचा. मला तिचा राग यायचा, पण कीव कधी आली नाही. तिची श्रद्धा स्वतःच्या पायावर उभी होती. या नव्या लोकांना श्रद्धेलाही सर्टिफिकेट हवं असतं, आणि ते प्रयोगशाळेतून आणायचे कष्ट नकोत म्हणून महाराजांकडून आणतात. धड भक्ती नाही, धड विचार नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. कित्येक वर्षं सोडलंही होतं. पण त्या वर्षी दादाच्या सुनेला सातवा महिना लागला होता, आणि गरोदरपणात तिला साखर निघाली होती.

पोरगी नागपूरची. बँकेत नोकरी करणारी, कॉमर्स शिकलेली, मोजकं बोलणारी. डॉक्टरीणबाईंनी तिला जेवणाआधी इन्सुलिन घ्यायला सांगितलं होतं. पेनासारखं ते इंजेक्शन तिने स्वतःच टोचून घ्यायचं आणि लगेच जेवायचं. याहून सोपं काही नाही. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. वरून अन्न आलं नाही तर ते उतरवतच राहतं, आणि मग बाईही धोक्यात, पोटातलं मूलही धोक्यात. हे डॉक्टरीणबाईंनी दादाला समोर बसवून समजावलं होतं, आणि दादाने मान डोलावली होती. मान डोलावण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

त्या वर्षी ग्रहण आलं ते नेमकं दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागणार आणि तशा ग्रहणातच तो मावळणार. महाराजांचा आवाजी निरोप भक्तांच्या ग्रुपवर फिरला. सूर्य ग्रासलेलाच मावळतो आहे, तेव्हा सकाळी उगवल्यापासून ते दुसऱ्या दिवशी शुद्ध सूर्य दिसेपर्यंत अन्न नाही. गर्भवतींनी तर विशेष पाळावं, कारण ग्रहणातली किरणं शिजलेल्या अन्नात विषारी बदल घडवतात आणि तो बदल गर्भापर्यंत पोचतो. हे आता विज्ञानानेही मान्य केलं आहे.

मी दादाला फोन केला. म्हटलं, "अरे, तुझ्या भिंतीवर खिळ्याला पंचांग लटकतंय ना, ते तरी उघड. त्यातसुद्धा लहान मुलं, म्हातारी, आजारी आणि गर्भवती यांना सूट दिलेली असते. तुझे महाराज पंचांगापेक्षा कडक कधीपासून झाले?"

"पंचांग सर्वसामान्यांसाठी असतं," दादा म्हणाला. "महाराजांनी खास आपल्यासाठी सांगितलंय. आणि तू काळजी करू नकोस. डॉक्टरांचं काहीही टाळायचं नाही असं मी ठरवलंय. दोन्ही बाजू सांभाळायच्या. विज्ञान त्याच्या जागी, श्रद्धा तिच्या जागी."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातला अर्थ माझ्या कानावर येऊन घसरून जातो. समंजसपणाचं वाक्य आहे ते, भाषणांत टाळ्या घेतं. त्या दिवशीही मी ते तसंच घसरू दिलं. डॉक्टरांचं टाळणार नाही म्हणजे पोरगी जेवेल, असं मी समजले.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी मी सोनागिरीच्या माझ्या घरून अयोध्या नगरला दादाकडे गेले. त्यांच्या गच्चीवरून पश्चिमेकडचं आभाळ मोकळं दिसतं, म्हणून बारीक भोकाचा पुठ्ठा नेला होता. कॉलनीतली चार मुलं आली तर भिंतीवर सूर्याची प्रतिमा दाखवावी, एवढाच बेत. घरात शिरले तर सगळं चिडीचूप. ओटा पुसून कोरडा, गॅस बंद, प्रत्येक डब्यावर तुळशीचं पान. फ्रिजच्या दारातसुद्धा दर्भाची काडी खोचलेली, त्या विषारी किरणांना आत जायला बंदी.

सून मागच्या खोलीत होती. पडदे ओढलेले, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. ती पाय लांब करून पलंगावर बसली होती आणि तिच्या पोटावर दर्भाची जुडी ठेवली होती. दिवाळीतली हवा, पण ती घामाने निथळत होती.

"काय गं, बरं वाटत नाही?"

"उकडतंय, आत्या." जीभ जड झाली होती तिची. मी हात हातात घेतला तर तो थरथरत होता.

"जेवलीस?"

"पहाटे. उजाडायच्या आत."

"आणि दुपारचं इंजेक्शन?"

"घेतलं ना. बाबांनी अलार्म लावला होता."

दादाने खरोखरच दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. विज्ञानासाठी इन्सुलिन टोचलं, श्रद्धेसाठी ताट काढून घेतलं. धर्म मानणाऱ्या अडाण्याने इंजेक्शनही बंद केलं असतं, आणि त्या एका दुपारी पोरगी तरली असती. विज्ञान मानणाऱ्याने तिला जेवू घातलं असतं. एकाच दुपारी तिला अशी कात्रीत धरायला दोघांचा मान राखणारा इंजिनिअरच लागतो.

"साखर आणा!" मी ओरडले. वहिनी दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. "वन्सं, वेध लागलेत," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मागे माझा भाचा, म्हणजे पोरीचा नवरा, हातात लॅपटॉप तसाच धरून उभा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो. "आत्या, टेन्शन नको घेऊ ना यार. थोडी वीकनेस असेल. सुबह से कुछ खाया नहीं ना तिने." त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त त्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

आणि दादा? दादाने खिशातून फोन काढला. "एक मिनिट थांब. महाराजांना विचारून घेतो."

फोन एंगेज लागला. त्या दिवशी अशा किती घरांतून कोण काय विचारत होतं कोण जाणे. दादा पुन्हा लावायला लागला. माझा सख्खा भाऊ, ज्याने तारीख उलटलेल्या उपकरणावर कधी विश्वास ठेवला नाही, तो समोर घामाने भिजलेली सून बघत होता आणि एका माणसाचा फोन मोकळा व्हायची वाट बघत होता. मला त्या क्षणी त्याची शिसारी आली. भाऊ आहे म्हणून हा शब्द मी मागे घेणार नाही.

मी देवघरात गेले. आदल्या रात्रीच्या लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे चांदीच्या वाटीत तसेच होते. वाटी उचलली, बत्तासे पाण्यात कालवले आणि पोरीच्या तोंडाला पेला लावला. थोडं सांडलं, थोडं पोटात गेलं. आणखी दोन बत्तासे मुठीने चुरून तिच्या जिभेवर ठेवले. वहिनी "अहो, देवीचा..." म्हणाल्या. थोड्या वेळाने पोरीच्या डोळ्यांत ओळख आली. बाहेर लख्ख ऊन होतं. ग्रहण अजून लागलंसुद्धा नव्हतं.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा मी भिंतीला टेकून रडले, आणि मी सहसा रडत नाही. डॉक्टरीणबाईंनी दादाला सगळ्यांसमोर धुऊन काढलं. दादाने मान डोलावली.

मला वाटलं, झालं, आता तरी डोळे उघडतील. पालथ्या घड्यावर पाणी. आठवडाभरात मला सुनेचा फोनवर निरोप आला, "आत्या, रविवारी याल का? महाराज येणार आहेत." त्याहून अधिक काही लिहिलं नव्हतं.

महाराज सोफ्यावर बसले होते, आम्ही खाली सतरंजीवर. टेबलावर त्यांचं पान वाढून झाकून ठेवलं होतं. वरणभात, पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीत श्रीखंड. महाराज जेवल्याशिवाय त्या घरात कोणी घास तोंडात घालत नाही, असा दंडक. झाला प्रकार दादाने हात जोडून सांगितला. महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला.

"ग्रहणकाळात शरीराची ऊर्जा बदलते. अशा वेळी बाहेरचं रसायन शरीर स्वीकारत नाही. उपवासाने काही झालं नाही, झालं ते त्या इंजेक्शनने. आता प्रसूतीपर्यंत ते बंद ठेवा. मी विभूती देतो. परदेशात यावर मोठं संशोधन झालंय."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे आपण पाळलं ते बरोबरच होतं," तो म्हणाला. केवढी सुटका होती त्या आवाजात! सून मरता मरता वाचली याची नव्हे, आपण चुकलो नाही याची.

"हे मोजलं कोणी?" मी विचारलं.

महाराज हसले. "ताई, श्रद्धा मोजता येत नाही."

"श्रद्धा राहू द्या. साखर मोजता येते. घरात यंत्र आहे. इंजेक्शन बंद केल्यावर साखर कुठे जाते ते रोज मोजू आणि तुम्हाला कळवू. चालेल?"

"तू गप्प बस," दादा खेकसला. "जिथे तिथे मास्तरकी!" भाचा जमिनीकडे बघत होता. मला कळून चुकलं की उद्यापासून या घरात इंजेक्शन बंद होणार, आणि पोरीची साखर प्रसूतीपर्यंत मोकाट वाढणार. मी काय करू शकत होते? तिला उचलून घरी नेऊ शकत नव्हते. सासर तिचं, नवरा तिचा, आणि ती अजून एक अक्षर बोलली नव्हती.

तेवढ्यात ती उठली. भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेली, फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात इन्सुलिनचं पेन होतं. महाराजांच्या समोरच जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली, कुर्ता बोटभर वर केला आणि पोटात सुई टोचली. महाराजांनी तोंड फिरवलं. तिने पेनाला टोपण लावलं, कुर्ता नीट केला.

"आई," ती सासूला म्हणाली, "इंजेक्शन घेतलंय मी. आता मला जेवावं लागेल."

आत कुकरमध्ये भात होता, पण तो महाराजांच्या नंतरचा. दादा घाईघाईने म्हणाला, "हो हो बेटा, फक्त पाच मिनिटं. महाराजांचं एकदा होऊ दे."

ती दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिली. वहिनी तिच्या हातांकडे बघत होत्या. त्या दिवशी दारात थबकल्या होत्या तशाच आताही उभ्या होत्या, आणि मला वाटलं, संपलं, आता हीच बाई तिला थांबायला सांगणार.

वहिनी टेबलापाशी आल्या. महाराजांच्या पानावरचं झाकण काढलं, पान उचललं आणि सुनेपुढे ठेवलं.

"अगं! काय करतेस?" दादा उठून उभा राहिला.

"महाराज थांबतील," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी कुठे इंजेक्शन घेतलंय?" आणि पोळीचा तुकडा मोडून त्यांनी तिच्या हातात दिला.