ठेका बदलणारी गाणी

तोंडवलीच्या किनाऱ्यावर मी सुके बांगडे विकते. शेजारी एक माणूस रोज फाटकी जाळी शिवत बसतो. नाव मी विचारलं नाही. मोबाइलवर तो वीस-वीस मिनिटांची इंग्रजी गाणी लावतो. प्रोग्रेसिव्ह म्हणतात म्हणे. ठेका सारखा बदलतो, आणि बदलला की त्याची सुई थांबते.

एकदा मी वैतागले. "एका ठेक्याचा कायतरी लाव रे!"

"एका ठेक्यार झोप येता गो आजये. बोटीर इंजिनाकडे मीच होतंय. झोप लागली. इंजिनाचो आवाज बदललो, तो माका आयकाक इलो नाय. बोट खडकार आपटली. माझो धाकटो भाव बुडान गेलो."

तुझी चूक नाही, असं मी म्हटलं नाही. चूक त्याचीच होती.

गाणं संपलं. "लाव फुडला," मी म्हटलं.