कुंभाराच्या लेकीची देवी

आता कुंभाराची लेक आणि तिनं चाकाला हात लावायचा नाही, हा कुठला न्याय? पण फलटणला दिनकरअण्णांच्या घरात तो होता. बायकांनी माती मळायची, मडकी रंगवायची, चाक पुरुषांचं. निशिगंधा लहानपणी एकदा चाकावर बसली, तेव्हा अण्णांनी तिला दंडाला धरून उठवलं होतं. ते ती कधी विसरली नाही.

पुढं पोरगी इंजिनियर झाली, नेदरलँड्सला आली. रायस्वाइकला घर, स्लोटरडाइकला ऑफिस आणि शनिवारी चक्क चाक! घराजवळ मातीकामाचा वर्ग होता, तिथं ती जायला लागली. अण्णांना अर्थातच पत्ता नाही. मग एका म्युझियममध्ये तिनं जुना ग्रीक कलश पाहिला. काळ्या रंगावर तांबडी देवी, खुर्चीत ऐसपैस बसलेली, हातात कणसं. बाई तिथंच खिळली. तसा कलश करायचाच, म्हणून हट्टाला पेटली. किती तडकले, किती फुटले, विचारू नका. अखेर एक साधला. आणि तळाला स्वतःचं नाव घालायला हात धजेना, तेव्हा शहाणीनं वडिलांचं घातलं: दिनकर.

मे महिन्यात अण्णा लेकीकडे आले. कलश तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटात दडवला. पण जन्म मातीकामात घालवलेल्या माणसापासून मडकं लपतंय होय? साखर शोधताना अण्णांना तो सापडलाच. त्यांनी तो खिडकीशी नेला, बोटानं वाजवून कान लावला, आतून हात फिरवला. ऑफिसात दहा जणांना कामाला लावणारी बाई, पण आता दाराशीच थांबून बघत राहिली. कुणी केला, असं अण्णांनी विचारलं. मीच, चाकावर बसून केला, असं ती कसंबसं म्हणाली.

अण्णांनी कलश उलटा करून नाव वाचलं.

"हे मी कधी केलं?"

"चाक तुमचं ना, अण्णा."

अण्णांनी नावावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी खिळा मागितला. आता हे नाव खरवडून काढणार, असं तिला वाटलं. अण्णांनी खाली बैठक मारली, कलश मांडीत घेतला आणि आपल्या नावाच्या वर एकेक अक्षर कोरायला लागले. काळ्याखालून तांबडी माती दिसायला लागली. एवढं लांबलचक नाव कुणी ठेवलं, म्हणून कुरकुरलेही. ठेवलं होतं त्यांनीच.

"निशिगंधा दिनकर," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "आता बरोबर झालं. उद्या हापिसात ने. कुणी विचारलं तर सांग, कुंभाराची लेक आहे म्हणून."

तिला रडू आवरेना.

शनिवारी अण्णा तिच्याबरोबर वर्गाला गेले. हे जातिवंत कुंभार, असं कळल्यावर तिथं शिकवणाऱ्या बाईंनी कौतुकानं एक चाक मोकळं करून त्यांच्यापुढे ठेवलं. अण्णांनी हसून मान हलवली. लेकीला चाकावर बसवलं, बाह्या सारल्या आणि तिच्यासाठी माती मळायला घेतली.