सोफ्याच्या कापडाची पिशवी

माझं तोंड बंद राहत नाही, हे आमच्या घरात, कॉलेजात आणि मांजर्लीतल्या वाण्याच्या दुकानात सगळ्यांना माहीत आहे. मेव्हणीच्या होणाऱ्या नवऱ्यानं तिच्यासाठी लपवून आणलेल्या घड्याळाबद्दल मी तिलाच आठ दिवस आधी सांगून टाकलं होतं. एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ त्याच्या नकळत ठरला होता, तर मी त्यालाच विचारलं, "तुझ्या निरोपाला किती वाजता यायचं रे?" अशा माणसाला एचआयव्हीच्या अभ्यासात मुलाखती घ्यायला बसवायचं, हे आमच्या विभागप्रमुख मॅडमनाच सुचू जाणे. "तू फार बोलतोस," त्या म्हणाल्या, "पण तुझ्यासमोर लोकही बोलतात. मात्र इथलं तिथं केलंस, तर गाठ माझ्याशी."

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि बदलापुरात, मांजर्लीला राहतो. अभ्यास साधा होता. एचआयव्हीची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते, रोज घेतली तर माणूस चांगला राहतो, आणि विषाणू इतका दबतो की जोडीदारालाही लागण होत नाही. हे सगळं डॉक्टरांना माहीत होतं. आम्हाला विचारायचं होतं ते पुढचं. मग तरी गोळी का चुकते? बदलापूर-अंबरनाथकडून केंद्रावर यायला कामावर काय सांगावं लागतं? बाटली घरात कुठं ठेवतात? लागण कशी झाली, हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. मॅडमनी तो पहिल्याच दिवशी लाल पेनानं खोडला होता.

उत्तरं ऐकून मी, म्हणजे चक्क मी, गप्प बसायला लागलो. एकीनं बाटलीचं लेबल नखानं खरवडून ती तांदळाच्या डब्यात पुरली होती. एकानं पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा टीव्हीच्या आधी बाटली माळ्यावर टाकली होती, आणि बायको अजून विचारते, तू आधी माळ्यावर काय फेकलंस?

मुलाखत देणाऱ्याला पैसे न देता एखादी उपयोगी वस्तू द्यायची, असं ठरलं. एथिक्स कमिटीची अट एकच, वस्तूवर अभ्यासाचं नाव, कॉलेजचं नाव, एड्सची लाल फीत, काहीही छापलेलं नसावं. मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

मी गेलो उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सोफ्याच्या कापडाच्या दुकानात. सिंधी शेठनं पोपटी कापडाचा तागा सोडला. त्यावर ताटाएवढी नारिंगी फुलं होती. "साईं, हाथ लगाके देखो. ऐसा पीस पूरे मार्केट में दूसरा नहीं मिलेगा." मी खूश झालो. साठ पिशव्या शिवून घेतल्या, आत एक चोरकप्पाही करवला, गोळ्यांची बाटली बरोब्बर मावेल असा. नाव नाही, गाव नाही, काही म्हणजे काही छापलेलं नाही. मला माझाच अभिमान वाटला. पुढचे दोन महिने मी हौसेनं पिशव्या वाटत होतो.

मग एका दुपारी बदलापूर गावातल्या एक ताई न सांगता कॉलेजात आल्या. त्यांची मुलाखत मीच घेतली होती. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी बारावीला, मांजर्लीतल्या चार घरी स्वयंपाक करतात. त्यांच्या हातातली पिशवी उलटी केलेली होती, शिवण बाहेर आणि फुलं आत.

"घ्या सर तुमची पिशवी."

"का हो ताई? फाटली?"

"फाटली असती तर बरं झालं असतं." त्या बसल्या. "सकाळी पोळ्या लाटत होती. बाई आत आल्या, न् दारामागं टांगलेली पिशवी बघून उभ्याच राह्यल्या. मना विचारलं, ही कुठून आणलीस गं? मी बोलली, भाचीनं दिली. तर काय बोलल्या नाय, तोंड पांढरं झालं, न् गेल्या आत. सर, त्यांना कळलं."

"पिशवीवरून कसं कळेल?"

"मना बाजारात अशाच दोन दिसल्या. एक बाई केंद्रावर माझ्या पुढं रांगेत असते. आमी दोघींनी एकमेकींना बघितलं न् दोघीपण वळलो. मंग बाकीच्यांना नाय कळणार?" त्यांनी पिशवी टेबलावर सरकवली. "एका घरानं काढलं का चारी घरं काढतील. सायपाकाची बाई हाय मी. पोरीची फी कशी भरू?"

स्वयंपाकातून हा आजार पसरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. ज्या चार घरांना ठाऊक हवं होतं, त्यांच्यापुढे माझं ज्ञान काय कामाचं? मी नुसतं विचारलं, "कुठल्या बाई?"

"त्या रिटायर शिक्षिका. पाण्याच्या टाकीजवळच्या सोसायटीतल्या, शिकवण्या घेतात त्या."

 त्या बाई माझ्या यादीत होत्या. त्यांचीही मुलाखत मीच घेतली होती, तीन आठवड्यांपूर्वी. त्यांनाही पिशवी मीच दिली होती, वर म्हणालो होतो, "बाई, रंग कसा फ्रेश आहे ना?"

म्हणजे एक वाक्य पुरेसं होतं. 'ताई, घाबरू नका, त्याही तुमच्यासारख्याच आहेत.' हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं. आयुष्यभर नको ती वाक्यं मी धडाधड टाकत आलो, आणि हे एकच असं होतं की ज्यानं समोरच्या माणसाची भीती जागच्या जागी गेली असती. पण ते वाक्य माझं नव्हतं, बाईंचं होतं. मी टेबलावरचा ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायलो.

"सर, रिकामा हाय तो," ताई म्हणाल्या.

दोन दिवसांनी बाईंचा फोन. आवाज अगदी वर्गातला. "सर, माझ्या स्वयंपाकाच्या ताईंकडे तुमची ती पिशवी आहे. तिच्याकडे ती कशी आली, हे मी विचारत नाही, आणि मी विचारलं तरी तुम्ही सांगायचं नाही. कळलं?"

"हो बाई."

"पण माझी पिशवी गॅलरीत वाळत होती. ती तिनं पाहिली असेल तर? ती चार घरी जाते. एका शब्दानं माझ्या शिकवणीची मुलं बंद होतील. आणि मी आता कुठे जाऊ या वयात?" मग जरा थांबून, "ती गेले दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतंय."

म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींच्या जिभेला घाबरून गप्प होत्या, आणि दोघींना गप्प करणारा मी, फुलाफुलांचं कापड निवडणारा.

मी मॅडमकडे जाऊन सगळं कबूल केलं, कोण कोण ते न सांगता. "पण मी पिशवीवर काहीच छापलं नव्हतं," मी म्हटलं.

"ती पिशवी नदीच्या पलीकडून दिसते, बाळा. आणखी काय छापायचं होतं?" त्यांनी चष्मा काढला. "वस्तू काय हवी, हे त्या साठ जणांपैकी एकाला तरी विचारलंस?"

विचारलं नव्हतं. बाटली कुठं लपवता, कामावर काय सांगता, गोळी कधी चुकते, सगळं विचारलं होतं. एवढंच राहिलं होतं.

मॅडमनी झाल्या चुकीबद्दल कमिटीला अहवाल लिहायला लावला. मी पश्चात्तापानं भरलेली चार पानं नेली. त्यांनी अर्ध्या पानावर आणली. "तुझं रडणं कमिटीला नकोय. चूक लिही आणि उपाय लिही." वाटप थांबलं. पुढच्या लोकांना काय हवं ते विचारून द्यायचं, असं ठरलं. पण दिलेल्या पिशव्यांचं काय करायचं, ते मला काही सुचेना. ताईंना फोन करून म्हटलं, "आम्ही सगळ्यांकडून परत मागवतो."

"परत घेऊन काय व्हणार? बघितली ती बघितली," ताई म्हणाल्या. "उलट सगळ्यांकडंच असती, तर कोन विचारणार होतं?"

मी खुर्चीवरून उठलोच. संक्रांत तोंडावर होती. मांजर्लीतल्या बायकांच्या मंडळाचं हळदीकुंकू दरवर्षी आमच्याच घरी असतं, आणि येणाऱ्या प्रत्येकीला वाण म्हणून काहीतरी वस्तू दिली जाते. "ताई! वाण! अख्ख्या मांजर्लीत ह्याच पिशव्या वाटू!"

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "सर, वाण सवाष्णीला देतात. माझं कपाळ मोकळं हाय. मना कोन देतंय? मंग ज्यांना वाणाची मिळाली त्या, न् मी एकटी येगळीच. आनखीन उठून दिसंल."

एवढ्या मुलाखती घेऊनही मला दिसलं नाही ते ताईंनी दोन वाक्यांत दाखवलं.

घरी आलो. बायकोनं वाणासाठी प्लॅस्टिकचे डबे ठरवले होते. मी म्हटलं, डबे नकोत, पिशव्या देऊ. आणि या वर्षी सगळ्या बायकांना बोलवू. नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्न न केलेल्या, कामाला येणाऱ्या, सगळ्या.

तिनं पिशवी हातात धरून लांब केली. "अहो, हे सोफ्याचं कापड आहे."

"हो."

"ह्यावर माणसं बसतात."

"हो."

"आणि हे का करायचं, ते सांगणार आहात का?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आधी काळजीनं, मग वेगळंच काहीतरी. "तब्येत बरी आहे ना?" तिनं कपाळाला हात लावून पाहिला. "बरं, नका सांगू. पण सगळ्यांना बोलवायचं तर नीट बोलवू. माझी आई बाबा गेल्यापासून संक्रांतीला आतल्या खोलीत जाऊन बसते, ते मला कुठे आवडतं?"

पुन्हा कॅम्प एक, तशाच पिशव्या, चोरकप्प्यासकट. शेठ हसून लोटपोट. "शेठ, पूरे मार्केट में नहीं मिलेगा बोले थे ना?"

"मार्केट में किधर मिलेगा, साईं? सब माल तो मेरे गोदाम में पडा है!"

हळदीकुंकवाच्या दिवशी मला आतल्या खोलीत कोंडण्यात आलं, तिळगुळाची परात देऊन. दाराच्या फटीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकत होतो. मंडळातल्या एकीचा आवाज आला, "सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना? असं करत नाहीत हो." त्यावर बायको: "आमच्याकडे करतात. यंदापासून. बसा ना, तिळगूळ घ्या." दोघी-तिघी वाण न घेता गेल्या. बाकीच्या थांबल्या. पिशवीवर हसू झालं, "मेलं पडद्यासारखं दिसतंय" पासून "भाजीला बरी" पर्यंत.

मग बाईंचा वर्गातला आवाज. पाठोपाठ ताईंचा, दारातूनच, "मी आपली जाते वैनी, मना कशाला." आणि बायकोचा, "मावशी, पुढे या. कुंकू नको असेल तर हळद लावते. ओटीत वाण तर घ्याल?" मग पाट सरकवल्याचा आवाज आला. मी फटीला डोळा लावायला गेलो आणि परात पाडली. तिळगूळ खोलीभर. बाहेरून बायको म्हणाली, "काही नाही हो, आमच्याकडे मांजर आहे."

पंधरा दिवसांत ती पोपटी पिशवी मांजर्लीत, बदलापूर गावात, मासळी बाजारात, अंबरनाथच्या रिक्षांतसुद्धा दिसायला लागली. वाण्यानं मलाच विचारलं, "सर, ही फॅशन कुठून आली?" मी म्हटलं, "माहीत नाही बुवा." त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मला माहीत नाही, हे त्यानं माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकलं असावं.

सहा महिन्यांनी दुसरी मुलाखत होती. ताई आल्या, या वेळी पिशवीची फुलं बाहेर. बसल्या बसल्या म्हणाल्या, "सर, तुमाला म्हाईत होतं."

"काय?"

"बस झालं आता. बाईंचं." त्या हसत होत्या. "त्या दिवशी हळदीकुंकवावरनं आमी दोघी संगती घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी फोडणीला टाकली, न् बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राह्यल्या. बाटली काढली, गोळी घेतली, माझ्याकडं बघत. काय बोलल्या नाय. मना येक मिनिट समजलंच नाय. मंग मी ग्यास बारीक केला न् चोरकप्प्यातनं माझी काढली. येकच बाटली, सर. येकच लेबल. बाईंनी तांब्यातलं पाणी दिलं. भाजी करपली ती करपली."

मी पेनाला टोपण लावलं. मग जे मनात टोचत होतं ते विचारलं. "ताई, मी तेव्हाच सांगितलं असतं, तर तुमचे ते दिवस तरी भीतीत गेले नसते. राग नाही आला?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्या घरचं काम त्याच दिवशी सोडलं असतं," त्या लगेच म्हणाल्या. "न् तुमाला पुना तोंड दाखवलं नसतं. त्यांचं मना सांगितलं, म्हणजे माझं पण कोणाला तरी सांगणार. आता मना म्हाईत हाय, तुमच्या पोटात राहतं."

माझ्याबद्दल असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही. घरी जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं, पण तेही सांगता येईना. ते आत्ता इथं लिहितोय, तेही दोघींना वाचून दाखवून. बाईंनी विचारलं, "माझा आवाज खरंच असा येतो?" ताईंनी करपलेल्या भाजीचं नाव गाळायला लावलं, कारण ती भाजी त्यांच्या हातची नावाजलेली आहे.

त्या मुलाखतीच्या दिवशी मग मी फॉर्म पुढे ओढला आणि पहिला प्रश्न विचारला. "गेल्या महिन्यात गोळी किती वेळा चुकली?"

"नाय चुकत आता," ताई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी पण बाईंचा दहाच्या ठोक्याला फोन येतो. घेतली का म्हणून. न् मी विचारते, तुमी घेतली का?"